संगणकातील खतावणी
(वर्धापनदिनी मंडळाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



लातूर-नांदेडच्या मोंढ्यातील आडतीच्या दुकानांत पूर्वी लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या असत. दिवसाची नोंद कीर्दीत होई आणि तेथून ती ज्याच्या त्याच्या पानावर, म्हणजे खतावणीत जाई. कोणाचे पान कोठे, हे मुनीमजींना तोंडपाठ असे. आता वह्यांच्या जागी संगणक आला. बंगळूरच्या श्यामसुंदर गोयंका व त्यांचे चिरंजीव भरत यांनी १९८६ साली सुरू केलेल्या कंपनीची 'टॅली' दुकानोदुकानी दिसते. काही बचत गटही तिच्यावरच हिशेब ठेवतात. मुनीमजी गेले, पण खाते शोधण्याची विवंचना काही गेली नाही!

नवे खाते उघडताना टॅली मुख्यतः दोन गोष्टी विचारते: खात्याचे नाव काय आणि ते कोणत्या 'ग्रूप'खाली घालायचे. ग्रूपला आपण वर्ग म्हणू, नाहीतर बचत गटाशी घोटाळा व्हायचा. असे २८ वर्ग तिच्यात तयारच असतात. १५ मुख्य आणि १३ पोटवर्ग.

खरी मेख येथे आहे. समजा, बारा जणी दरमहा शंभर रुपये बचत भरतात. वर्षाचे १४,४०० रुपये झाले. ही रक्कम गटाची मिळकत नव्हे. ते सभासदांचे देणे आहे, म्हणून खाते देण्याच्या वर्गात हवे. कोणी ते उत्पन्नाच्या वर्गात घातले, तर तेवढाच नफा फुगलेला दिसेल. मग तो वाटून घ्यावा असे कोणाला वाटणार नाही? वाटला, तर ज्यांचे त्यांनाच पैसे दिले आणि बचतीचे देणे मात्र तसेच उभे! संगणक बेरीज चुकत नाही, पण वर्ग चुकला हे तो सांगत नाही.

नावाचेही तसेच. एकीने 'लक्ष्मीबाई' लिहिले, दुसरीने नुसतेच 'लक्ष्मी'. झाली दोन खाती. कर्ज एकात, हप्ते दुसऱ्यात. वेळेवर हप्ते भरणारी बाई यादीत थकबाकीदार ठरते, आणि चारचौघींत तिला मान खाली घालावी लागते. याकरिता सर्व नावे आडनावापासून लिहावीत आणि 'एलियस' म्हणजे दुसऱ्या नावाच्या जागी पासबुकाचा क्रमांक घालावा. दोहोंपैकी काहीही टंकले तरी खाते सापडते. दोन खाती झालीच असतील, तर एकातील नोंदी उघडून दुसऱ्यावर फिरवाव्यात. नोंदी असलेले खाते टॅली पुसू देत नाही. रिकामे झाले की पुसता येते.

उलगडा न झालेली रक्कम उचंत खात्यात ठेवायला हरकत नाही, मात्र महिनाअखेर ते रिकामे झाले पाहिजे. कित्येकींचे उचंत खाते म्हणजे घरातली अडगळीची खोली असते.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपले पासबुक आणावे. खात्यांचे उतारे छापून ठेवलेले असतील; ते समोरासमोर ताडून पाहू.