सनद नसलेला अधिकार

मांडव्याच्या धक्क्यावर सायंकाळी उभे राहिले म्हणजे पाण्यापलीकडे मुंबईचे दिवे एकेक करून उजळू लागतात. त्याच मुंबईत, मलबार टेकडीच्या टोकाशी, आपल्या राज्यपालांचे निवासस्थान आहे. आणि त्या वास्तूत राहणाऱ्या, परंतु संविधानाने जिची दखलही घेतलेली नाही अशा व्यक्तीविषयी मला आज बोलावयाचे आहे. राज्यपालांची नेमणूक कोणी करावी, त्यांना वेतन काय मिळावे, शपथ कोणती घ्यावी, हे सारे १५५ ते १५९ या अनुच्छेदांत नमूद आहे. त्यांच्या सहचारिणीला मात्र ना सनद, ना वेतन, ना शपथ.

सनदेवाचून चालणाऱ्या अधिकाराचे मर्म आमच्या कोळीवाड्यांना पुरते ठाऊक आहे. नाखवा दर्यावर गेला म्हणजे आलेल्या म्हावऱ्याचा भाव ठरविणे, उधारी वसूल करणे आणि घरची तिजोरी सांभाळणे हे त्याच्या घरधनिणीकडे असते. तिला कोणी नेमलेले नसते, तरी बाजारात तिचा शब्द मोडण्याची कोणाची छाती होत नाही, कारण तो अधिकार तिने स्वतः डोक्यावर पाटी वाहून मिळविलेला असतो.

असाच स्वतः मिळविलेला अधिकार राजभवनातही दिसला आहे. डॉ. पी. व्ही. चेरियन १९६४ ते १९६९ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्यांच्या पत्नी तारा चेरियन राजभवनात आल्या, त्यापूर्वीच, १९५६ साली, मद्रासच्या पहिल्या महिला महापौर होण्याचा बहुमान त्यांनी मिळविला होता. आणि १९६७ साली त्यांना लाभलेले पद्मभूषण हे त्यांच्या स्वतःच्या समाजसेवेचे फळ होते. पुढे २००४ साली आपल्या प्रतिभाताई पाटील राजस्थानच्या राज्यपाल झाल्या, तेव्हा त्यांचे पती देवीसिंह शेखावत हेही अमरावतीचे महापौरपद भूषवून आलेले होते. नागरिकांची गाऱ्हाणी ज्यांनी आधी ऐकली, त्यांना राजवाड्यातील मानमरातब हे सेवेचे साधन वाटावे, यात नवल नाही.

म्हणून, श्रोतेहो, माझी एक विनंती आहे. उद्या राज्यपालांच्या पत्नी किंवा पती अलिबागला, मुरुडला वा श्रीवर्धनला आले, तर शाल-श्रीफळ देऊन त्यांना व्यासपीठावर बसवून ठेवू नका. प्रसूतिगृह दाखवा, मुलींची शाळा दाखवा, सुकट वाळविणाऱ्या बायांपर्यंत न्या, आणि आपली अडचण स्पष्ट शब्दांत सांगा.