घासाला अवधी द्या



वजन कमी करण्यासाठी जठरावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेविषयी, जिला सर्वजण सर्रास बॅरिआट्रिक सर्जरी म्हणतात तिच्याविषयी, अलीकडे शहरांतच नव्हे तर तालुक्याच्या गावीही पुष्कळ ऐकू येते. ती कोणी करावी, केव्हा करावी आणि तिच्या कोणत्या प्रकाराचा अवलंब करावा, या प्रश्नांचा ऊहापोह शल्यविशारदांनी करावा हेच उचित होय. माझे काम त्यांचे संपल्यावर सुरू होते. टाके निघाले, रोगी घरी आला आणि दुपारी स्वयंपाकघरातून पाने घेतल्याची हाक आली, म्हणजे तेथून पुढे त्याच्या पोटात काय जावे आणि कसे जावे हे पाहणे आम्हां आहारतज्ज्ञांकडे येते. काय खावे याची छापील यादी प्रत्येकाला मिळते, आणि बहुतेक घरांत ती फ्रिजच्या दारावर चिकटवलेलीही असते. कसे खावे याची तजवीज मात्र फारच थोड्या घरांत केलेली मला आढळते, सबब आजच्या भाषणाचा सारा वेळ मी त्या एकाच गोष्टीला देणार आहे. घास लहान घ्यावा, तो अगदी पीठ होईपर्यंत चावावा, आणि चावणाऱ्या माणसाला घरच्यांनी त्यासाठी अवधी द्यावा, एवढेच मला सांगावयाचे आहे, आणि ते मी दोनदा-तीनदा सांगितले तर श्रोत्यांनी राग मानू नये.

निरोगी माणसाच्या जठरात भरल्या पानाचे जेवण, म्हणजे लिटर-दीड लिटर ऐवज, सहज मावतो; कारण जठराचा वरचा भाग अन्न आले की सैल होऊन जागा करून देतो, आणि खालचा भाग आलेले अन्न घुसळून घुसळून त्याची पेज करतो. स्लीव्ह नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक हिस्सा, आणि त्यात हा सैल होणारा भाग, काढून टाकतात व एक अरुंद नळी मागे ठेवतात, तीत आमटीच्या एका वाटीएवढेच काय ते मावते. बायपासमध्ये, जी शस्त्रक्रिया 1966 साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी सुरू केली, अन्नासाठी ठेवलेली पिशवी त्याहूनही लहान, प्रारंभी दोन मोठ्या चमच्यांएवढीच असते, आणि घुसळणारा भाग तर अन्नाच्या वाटेवर उरतच नाही. मोठमोठे घास अर्धवट चावून गिळण्याची जी वहिवाट आपण जन्मभर चालविली, ती जठराच्या जिवावर चालत होती. आता ते काम करणारे कोणी उरलेले नाही, आणि ते सगळे तोंडाकडे आले आहे.

ज्यांनी घरात जात्यावरचे दळण पाहिले आहे त्यांना मी काय म्हणते ते तत्काळ ध्यानात येईल. दळणारी बाई जात्याच्या तोंडात मूठभरच वैरण घालते. ती दळली जाऊन भोवती पीठ पडू लागल्यावाचून दुसऱ्या मुठीला हात घालीत नाही. तिला घाई झाली आणि तिने पायलीचे धान्य एकदम तोंडात ओतले, तर जाते काही त्या प्रमाणात अधिक दळत नाही, उलट खुंटा जड होतो, जाते अडते, आणि पडते ती भरड. तीच बाई ओले धान्य जात्यात कधी घालीत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या जेवणातही पाणी मिसळावयाचे नाही, त्याचे कारण मात्र निराळे आहे. लहानशा जागेत पाणी आणि अन्न एकत्र कोंबले की ती जागा फुगून मळमळते, किंवा अन्न पाण्याबरोबर लवकर वाहून जाऊन पोट रिते होते आणि पुन्हा खावेसे वाटते. म्हणून पाणी जेवणानंतर निदान अर्ध्या तासाने, आणि दिवसभर घोटघोट करून दीड-दोन लिटर. आणखी एक. जात्याची टाकी गेली की ते दळीनासे होते, म्हणून टाकी लावणाऱ्याला बोलावून ते पुन्हा टाकवून घेतात. ज्यांच्या दाढा पडलेल्या आहेत किंवा कवळी सैल झाली आहे त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख ठरविण्यापूर्वी दंतवैद्याकडे जावे, ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगते आणि बहुतेकजण ती विसरतात.

आता न चावता गिळले तर काय होते ते सांगते, कारण हा प्रकार मी वारंवार ऐकला आणि काही वेळा समोर पाहिलाही आहे. महिना-सव्वा महिना पातळ आणि वाटलेले अन्न घेऊन कंटाळलेल्या माणसाला मऊ भात-वरणाची मुभा मिळते; पहिला घास उत्तम लागतो, दुसरा त्याहून उत्तम, आणि तिसरा तो पूर्वीच्या सवयीने, बोलता बोलता, तीन-चारदा जबडा हलवून गिळतो. क्षणभराने बोलणे थांबते. हात छातीच्या मध्यभागी जातो, चेहरा उतरतो, तोंडात लाळ दाटू लागते, आणि ती गिळता येत नाही म्हणून तो वाटी पुढे ओढून पांढरा फेस थुंकू लागतो. अशा वेळी शेजारी बसलेली आई काय करते? ती घाईघाईने पाण्याचा पेला पुढे करते, आणि 'दोन घोट घे म्हणजे उतरेल' असे म्हणते. ते उतरत नाही, कारण वाटच अडलेली असते. पाणी वर साचते आणि मग सगळेच उलटून येते. पाणी देऊ नये, घास देऊ नये. उठून दोन पावले चालू द्यावे, बहुधा काही वेळाने ते आपोआप सुटते. सुटलेच नाही, लाळसुद्धा उतरेना, तर मात्र रुग्णालयात न्यावे. भात, मऊ पाव, ताजी पोळी आणि कोरडे चिकन हे चार पदार्थ या बाबतीत विशेष अवघड, कारण पहिल्या तिघांचा चिकट गोळा होतो आणि चौथ्याचे तंतू तुटत नाहीत.

हे टाळण्याचा उपाय पुन्हा तोच आहे. नखाएवढा घास, वीस-पंचवीस वेळा चावणे, गिळून झाल्यावर चमचा खाली ठेवणे, आणि मग पुढचा घास. वाटीभर अन्नाला वीस मिनिटांहून कमी वेळ लागला तर घाई झाली असे समजावे, अर्ध्या तासाहून अधिक लागला तर उरलेले बाजूला ठेवावे. पोट भरल्याची पहिली वर्दी ढेकराने येते असे नाही. कोणाला उचकी लागते, कोणाचे नाक वाहू लागते, कोणाला एकदम शिंका येतात. ती वर्दी आली की त्याच घासावर थांबावे.

आणि येथे मला घरातील वडीलधाऱ्या मंडळींना, विशेषतः माझ्या वयाच्या माता-भगिनींना, थोडे रागे भरावयाचे आहे. आपल्याकडे आग्रहावाचून वाढणे हा उणेपणा समजतात, आणि पानात काही उरले तर वाढणारीचा जीव खट्टू होतो, हे मी जाणते. मीही त्याच घरांतून वाढले आहे. परंतु ज्याच्या पोटात एक वाटी मावते त्याच्या वाटीत 'एवढेसे तरी' म्हणून दीड वाटी वाढणे ही माया नव्हे, आणि तो चावीत बसला असताना 'अजून चाललेच आहे का तुझे?' असे विचारून त्याच्या समोरची भांडी उचलू लागणे ही तर त्याहून वाईट. तो मनुष्य लाजतो, घाई करतो, आणि घास अडकतो. लग्नाच्या पंगतीत तर दुहेरी पेच. वाढपी जिलबी घेऊन उभा, शेजारची पंगत उठू लागलेली, आणि यजमान हात जोडून आग्रह करीत असलेले. बायपास झालेल्याने गोडाचा मोठा घास घेतला तर अर्ध्या तासाच्या आतच छातीत धडधड, घाम आणि पोटात कळ सुरू होऊ शकते, हे त्या यजमानांना कोण सांगणार? घरच्यांनी सांगावे. त्याने स्वतः सांगत बसू नये. त्याच्या पानाशेजारी बसून, आपलाही घास जरा सावकाश चावून, त्याला सोबत द्यावी, म्हणजे अर्धे काम झाले.

कोणी म्हणेल, चावण्याचे एवढे माहात्म्य कशाला, वजन तर उतरतेच आहे ना? याचे उत्तर मला सविस्तर द्यावयाचे आहे, कारण नेमकी येथेच बहुतेकांची समजूत चुकते. ज्याला चावण्याचा अवधी मिळत नाही त्याला डाळ, अंडे, पनीर, मासा हे सगळे अडकू लागते. अडकले की भीती बसते. भीती बसली की तो हळूहळू त्या पदार्थांकडे वळतो जे चावावे लागतच नाहीत. चहात बुडविलेले बिस्कीट, आइस्क्रीम, बासुंदी, उसाचा रस, तोंडात टाकताच विरघळणारी शेव. हे पदार्थ लहान पोटातूनही विनासायास खाली सरकतात, दिवसभर कितीही खाल्ले तरी पोट भरल्याची वर्दी देत नाहीत, आणि शरीराला जे प्रथिन अत्यावश्यक ते त्यांतून पुरेसे मिळत नाही. पहिल्या सहा-आठ महिन्यांत वजन उतरत असल्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाही. पुढे वर्ष-दीड वर्षाने, जेव्हा उतार स्वाभाविकपणे थांबतो आणि एकूण वजनाचा साधारण चौथा हिस्सा, बायपासमध्ये त्याहून थोडा अधिक, गेलेला असतो, तेव्हा हीच खाण्याची रीत वजन परत चढवू लागते. मग ऑपरेशन फसले असे म्हणतात. फसले ते पहिल्या तीन महिन्यांतल्या जेवणात.

प्रथिनांचा हिशेब प्रत्येकाने ठेवावा. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम एवढी साधारण गरज आहे. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये सुमारे 18, आणि शिजविलेल्या घट्ट वरणाच्या वाटीत 6-7 ग्रॅमच. शाकाहारी माणसाला तेवढ्याशा जागेत हा आकडा गाठणे कठीण, म्हणून दुधात मिसळावयाची प्रथिनांची पूड प्रारंभी घ्यावीच लागते, त्यात संकोच नको. पानातला पहिला घास प्रथिनांचा, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. पहिले काही महिने तर भूकच लागत नाही; भूक चाळविणारे घ्रेलिन नावाचे जे द्रव्य जपानी संशोधकांनी 1999 साली शोधून काढले, ते मुख्यतः जठराच्या, स्लीव्हमध्ये काढून टाकलेल्या, वरच्या भागातच तयार होत असते. भूक नाही म्हणून जेवण चुकवू नये. घड्याळ पाहून जेवावे.

वजनकाट्यावर रोज उभे राहणाऱ्यांना एक ताकीद. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा पुष्कळदा एका जागी थबकतो, कारण आधी उतरलेल्या वजनात पाण्याचा मोठा वाटा असतो. घाबरून जेवण कमी करू नये. आठवड्यातून एकदाच वजन करावे. केस गळतात, तेही तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत, आणि बहुधा पुन्हा येतात. त्याविषयी पुष्कळ सांगण्यासारखे होते.

वेळ संपत आल्याची खूण मला होत आहे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या, लोह, कॅल्शियम आणि बी-12 ही जन्मभराची बाब आहे आणि वर्षातून एकदा तरी रक्त तपासून घ्यावे, हे येथे नुसते नमूद करते. तरुण स्त्रियांनी गर्भधारणा वर्ष-दीड वर्ष पुढे ढकलावी, याची कारणे तुमच्या डॉक्टरांकडून समजून घ्या. मला ती आता सांगता येत नाहीत. पण एक गोष्ट राहू देणार नाही. उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर घरी वाट पाहू नका. शरीरातला बी-1चा साठा फार थोडा असतो, तो काही आठवड्यांत संपतो, आणि तो संपला की दृष्टी दुहेरी होते, चालताना तोल जातो, स्मृतीवर परिणाम होतो. म्हणून रात्री-अपरात्री ज्या कोणत्या दवाखान्यात जाल तेथे पाऊल ठेवताच आपल्यावर ही शस्त्रक्रिया झाली असल्याचे सांगा, म्हणजे ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वी बी-1चे इंजेक्शन देण्याचे डॉक्टरांच्या ध्यानात राहील.