मोटारीत मुलाचे तोंड कोणीकडे?

तुमच्या घरात वर्ष-दीड वर्षाचे मूल असेल, दारात मोटार असेल आणि त्या मोटारीत मुलासाठी मुद्दाम घेतलेली पट्ट्यांची खुर्ची असेल, तर एका प्रश्नावरून घरात एव्हाना वाद झालेला असणार. आमच्याकडे झाला. नातीचा पहिला वाढदिवस आटोपला आणि दुसऱ्या दिवशी पुण्याहून पालीच्या खंडोबाला निघायचे होते. तोवर तिची खुर्ची मागच्या बाकावर उलटी बांधलेली असे. म्हणजे पोरीची पाठ गाडीच्या तोंडाकडे आणि तिचे तोंड मागच्या काचेकडे. तिच्या आजीने सरळ सांगून टाकले, "वर्षाची झाली आता. किती दिवस तिला शिक्षा केल्यासारखी उलटी बसवणार? फिरवा ती खुर्ची." मीही आजीच्याच बाजूचा होतो. पोरीचे पाय बाकाच्या पाठीला टेकत होते, गुडघे वर आले होते. बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखे होई. लेक मात्र ठाम होती. "नाही बाबा, अजून नाही." जावई काही बोलला नाही. तो शहाणा आहे.

मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. न्यूटनचा पहिला नियम किती मुलांकडून घोकून घेतला याची गणती नाही. म्हणून लेकीने विचारले ते जरा वर्मी लागले. ती म्हणाली, "बाबा, गाडी थांबली म्हणजे डोकं थांबतं का?"

नाही थांबत. तुम्हीही हा हिशेब एकदा करून पाहा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे काही फार वेग नव्हे; सेकंदाला जेमतेम १४ मीटर. पण तोच वेग सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडणाऱ्या वस्तूला जमिनीशी येताना मिळतो. या वेगाने जाणारी गाडी समोर आदळली आणि तिचे नाक चेमटत चेमटत अर्ध्या मीटरमध्ये ती थांबली, असे धरा. आतल्या प्रत्येक वस्तूवर त्या क्षणी तिच्या वजनाच्या वीसपट जोर येतो. दहा किलोचे मूल आईच्या मांडीवर असेल, तर आईच्या हातांना दोनशे किलो तोलून धरावे लागेल. आई कितीही जिवाच्या आकांताने धरील, पण दोनशे किलो धरणारे हात कोणालाच दिलेले नाहीत.

आता मूल मांडीवर नाही, खुर्चीत आहे, तोंड पुढे आहे आणि पट्टे नीट आवळलेले आहेत, असे समजा. पट्टे खांदे धरतील, कंबर धरतील. डोके कोण धरील? डोक्याला पट्टा नसतो. वर्षाच्या मुलाच्या डोक्याचे वजन अडीच किलोच्या आसपास भरते. दहा किलोच्या देहात अडीच किलो नुसते डोके. जन्मतः मुलाचे डोके त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढे असते, आणि मोठ्या माणसाचे आठव्या. म्हणून तर मुले चालायला लागली की आधी डोक्यावर आपटतात. धडकेच्या वेळी हे अडीच किलोचे डोके पन्नास किलोच्या जोराने पुढे जाऊ पाहते, आणि त्याला मागे खेचून ठेवणारी एकच वस्तू असते, ती मान.

त्या मानेची गोष्ट मला ठाऊक नव्हती. लहान मुलाची मान ही मोठ्या माणसाच्या मानेची लहान आवृत्ती असते, अशी आपली समजूत. तसे नसते. जन्मतः मानेचे बहुतेक मणके अखंड हाडाचे नसून तीन-तीन तुकड्यांचे असतात, आणि ते तुकडे कूर्चेने, म्हणजे मऊ कुरकुरीत हाडाने, एकमेकांना जोडलेले असतात. ते सांधून एकजीव व्हायला तिसऱ्यापासून सहाव्या वर्षापर्यंतचा काळ जातो. मणक्यांना बांधणारे बंधही सैल असतात. त्यामुळे जोराचा हिसका बसला तर मणक्यांची माळ ताणली जाऊ शकते. पण तिच्या आतून जाणारा मज्जारज्जू तितका ताणला जात नाही. मूल बाहेरून अंगावर ओरखडा नसल्यासारखे दिसेल आणि आत कायमचे नुकसान झालेले असेल, ही शक्यता इथे आहे. आणि ही सांधेजोड पहिल्या वाढदिवसाच्या दिवशी पुरी होत नाही. मेणबत्ती विझवल्याने मणका जुळत नाही.

खुर्ची उलटी असली की काय होते? गाडी थांबते, मूल पुढे जाऊ पाहते, पण त्याच्या पुढच्या दिशेला आता खुर्चीची पाठ असते. डोके, मान, पाठ सारे एकदम त्या पाठीत दाबले जाते. जोर तेवढाच, पण तो एका मानेवर न येता सबंध पाठीवर वाटला जातो. गवताच्या गंजीत पाठीवर पडणे आणि कोणी खांदे धरून जोराने पुढे ढकलणे, एवढा फरक.

ही युक्ती सुचली स्वीडनमधल्या बर्टिल आल्डमन नावाच्या एका प्राध्यापकाला. मूळचा माणूस डॉक्टर, पुढे मोटारींच्या सुरक्षिततेच्या कामात पडला. जेमिनी मोहिमेतले अमेरिकी अंतराळवीर उड्डाणाच्या वेळचा जोर पाठीवर घ्यावा म्हणून उताणे झोपल्यासारखे बसतात, हे त्याने पाहिले आणि त्यावरून मुलांसाठी उलट्या खुर्चीची कल्पना काढली. १९६४ साली व्होल्वोच्या मोटारीत तिचा पहिला नमुना तपासून पाहिला गेला. स्वीडनमध्ये तेव्हापासून हळूहळू असा प्रघात पडला की मूल साधारण चार वर्षांचे होईपर्यंत उलटेच बसते. तिथल्या आज्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. पुण्याकडची कितीतरी मुले आज नोकरीनिमित्त गोथेनबर्गला आहेत. त्यांच्याकडे नातवंडांना सांभाळायला गेलेली आपलीच मंडळी तिथे हे पाहतात आणि परत आल्यावर कुतूहलाने सांगतात.

मग एक वर्षाचा हा नियम आला कुठून? युरोपच्या जुन्या नियमाप्रमाणे ९ किलो वजन झाले की मुलाला पुढे तोंड करून बसवायला परवानगी होती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचाही सल्ला होता की मूल वर्षाचे आणि २० पौंडांचे होईपर्यंत तरी उलटे ठेवावे. २० पौंड म्हणजे तेच ९ किलो. या 'तरी'कडे लोकांनी दुर्लक्ष केले. निदान एवढे तरी करा, असे सांगितले होते. लोकांनी ते इतकेच पुरे, असे वाचले. त्याच संस्थेने २०११ मध्ये दोन वर्षांची मर्यादा सांगितली, आणि २०१८ मध्ये वयाचा आकडाच काढून टाकला: खुर्ची बनवणाऱ्याने वजनाची आणि उंचीची जी कमाल मर्यादा दिली असेल, तिथपर्यंत मुलाला उलटेच बसवा. युरोपात २०१३ पासून आलेल्या नव्या नियमाने पंधरा महिन्यांच्या आत मुलाचे तोंड पुढे करायलाच बंदी घातली. तीही किमान अट आहे, हे इथे विसरू नका.

आपल्याकडचा कायदा याबाबत गप्प आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४-ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा मुलांच्या खुर्चीने सुरक्षित केलेले नसेल तर एक हजार रुपये दंड, एवढे ते सांगते. तोंड कोणीकडे, हे ते सांगत नाही. ते तुम्हालाच ठरवावे लागते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. उलटी खुर्ची पाचपट सुरक्षित, असे वाक्य तुम्ही कुठेतरी ऐकाल. ते २००७ साली छापून आलेल्या एका अमेरिकी अभ्यासातून जगभर पसरले. पुढे त्यातल्या आकडेमोडीत दोष निघाला आणि तो लेख मागे घेतला गेला. २०१८ मध्ये तीच माहिती पुन्हा तपासली तेव्हा असे दिसले की उलट्या बसलेल्या मुलांना इजा कमी झाल्या होत्या खऱ्या. पण दोन्ही प्रकारच्या खुर्च्यांत जखमी झालेली मुले मुळातच इतकी थोडी होती की पक्का निष्कर्ष काढता येईना. तेव्हा पाचपट हा आकडा सोडून द्या. मला तर यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. खुर्चीत नीट बांधलेली मुले, तोंड कोणीकडेही असो, फारशी जखमी झाली नाहीत. म्हणजे आपल्या रस्त्यांवर पहिला प्रश्न दिशेचा नाहीच, मांडीचा आहे. पुढच्या आसनावर बाबांच्या मांडीत बसून स्टिअरिंगला हात लावणारे मूल मी अजून रोज पाहतो. त्या मुलापुढे आमच्या घरातला वाद हा सुखवस्तूंचा वाद. पण एकदा खुर्ची घेतलीच आहे, तर तिची दिशा ठरवायला शरीराची रचना आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या पुरेशा आहेत. हिसका मानेवर किती येतो ते मोजणारी एक चाचणी स्वीडनमध्ये आहे, आणि तिथे पुढे तोंड केलेल्या खुर्च्यांचे काम कठीण होते.

आता पायांचे. आजीची मुख्य तक्रार तीच होती, आणि ती तुमच्याही घरात होईल. लहान मुले पाय दुमडून, मांडी घालून, पाय पाठीवर चढवून तासन् तास मजेत बसतात. आपल्याला अवघडते म्हणून त्यांना अवघडते असे नाही. शिवाय धडकेत पाय मोडायचा धोका पुढे तोंड असलेल्या मुलालाच जास्त. कारण त्याचे पाय उसळून पुढच्या आसनावर आदळतात. आणि समजा मोडलाच, तर पाय जुळतो. पुढचे वाक्य मी लिहीत नाही.

कोणी विचारील, मागून गाडी धडकली तर? रास्त प्रश्न आहे. तेव्हा उलट्या मुलाची स्थिती पुढे तोंड केलेल्या मुलासारखी होते. पण मागून बसलेल्या धडकेत आपली गाडी पुढे ढकलली जाते, भिंतीवर आपटल्यासारखी एकदम थांबत नाही. आणि जिवावर बेतणाऱ्या धडका बहुधा समोरूनच होतात.

रडण्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. काही मुले उलटी बसली की घाट संपेपर्यंत आकांत करतात, काहींना ओकारी होते. आपल्याकडे एक सोय आहे: आई बहुधा मागेच मुलाशेजारी बसते. उलट्या खुर्चीतल्या मुलाला मान वळवली की आईचा चेहरा दिसतो, आईलाही त्याचे तोंड दिसते. ज्या घरी एकटी आई गाडी चालवते तिचे हाल होतात हे खरे. तिने गाडी बाजूला थांबवावी, मुलाला उचलून घ्यावे, आणि दहा मिनिटे उशिरा पोचावे.

एका गोष्टीत मात्र तडजोड नाही. उलटी खुर्ची पुढच्या आसनावर, जिथे समोर एअरबॅग चालू आहे तिथे, कधीही बांधायची नाही. ती पिशवी फुगताना थेट खुर्चीच्या पाठीवर, म्हणजे मुलाच्या डोक्यामागे आदळते. या कारणाने मुले दगावलेली आहेत.

तर मग फिरवायची केव्हा? खुर्चीच्या अंगावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. उलट्या दिशेने किती किलोपर्यंत, ते तिच्यावर लिहिलेले असते. तान्ह्या बाळाची मुठीची टोपली असेल तर बहुधा १३ किलो. दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या मोठ्या खुर्चीत पुष्कळदा १८, आणि स्वीडिश धर्तीच्या काही खुर्च्यांत २५. वजन तिथे पोचले, किंवा मुलाचा माथा खुर्चीच्या वरच्या कडेपासून जेमतेम एक इंचावर आला, यांपैकी जे आधी होईल ते. टोपली लहान पडली म्हणजे तोंड पुढे करायची वेळ झाली, असे नव्हे. मोठी खुर्ची आणून तीही उलटीच बांधता येते. गाडी लहान असेल तर ती चालकामागे न बांधता शेजारच्या आसनामागे बांधा, म्हणजे जागा होते. आणि फिरवाल त्या दिवशी खांद्याचे पट्टे हलवायला विसरू नका. उलटे असताना ते खांद्याच्या रेषेत किंवा खाली हवेत. पुढे तोंड केल्यावर रेषेत किंवा वर. खुर्चीच्या माथ्यावरचा वरचा पट्टा गाडीतल्या त्याच्या आकड्यात अडकवायचा, तोही तेव्हाच. तो लोंबता ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

आमच्या वादाचे काय झाले? त्या दिवशी आम्ही खुर्चीवरची चिठ्ठी वाचली. १८ किलो. पोर होती ९ किलोची, आणि तिच्या माथ्यावर चांगली चार बोटे जागा होती. आजी काही बोलली नाही. तिने मागे जाऊन पोरीशेजारी आपली उशी ठेवली आणि बसली.

नात आता अडीच वर्षांची आहे आणि अजून उलटीच बसते. आम्हाला जे समोरून येताना दिसते ते तिला मागे जाताना दिसते. परतताना खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलो की बोगद्याचे तोंड लहान लहान होत जाते, आणि ती हात हलवून त्याला 'टाटा' करते.