माझी आवडती फिल्म

१९७९ च्या दहावीच्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं 'माझी आवडती फिल्म' असं छापलंय. त्यामुळं सकाळपासून तिघांनी मला गाठून विचारलं, "पिंजरा की सामना?" दोन्ही चांगलेच आहेत. पण मी बोलणार आहे ते कॅमेऱ्यात घालायच्या रोलबद्दल, तोही कृष्णधवल. ज्यांना यात रस नाही त्यांनी खुशाल चहाच्या टेबलाकडं जावं, मी वाईट वाटून घेणार नाही.

आपल्या चित्रकलेच्या सरांना हा नाद होता हे तुम्हाला माहीत आहे. सर समोर बसलेत, त्यामुळं जपून बोलतो. प्रयोगशाळेच्या मागं अडगळीची खोली होती, तिच्या खिडकीला सरांनी काळी घोंगडी ठोकली होती. रसायनशास्त्राच्या तराजूवर आम्ही डेव्हलपर तोलायचो. डी-७६ चं माप मला पाढ्यासारखं पाठ आहे: लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. फोटोचा कागद लाल दिव्यात धुता येतो, फिल्मला मात्र तोही चालत नाही, मिट्ट काळोख लागतो. हे न कळून एकानं लाल दिवा लावला आणि सहलीचा अख्खा रोल काळा केला. तो आज पहिल्या रांगेत बसून हसतोय.

त्या काळी साताऱ्यात निवड फारशी नव्हती. एक होती इंदू, आपली सरकारी, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची. दुसरी ओर्वो, पूर्व जर्मनीतली. परकीय चलनाची टंचाई होती, पूर्व जर्मनीशी व्यवहार रुपयात चालायचा, म्हणून ओर्वो आपल्यापर्यंत पोचायची. वोल्फेन गावातला तो कारखाना मुळात आग्फाचा. 'ओरिजिनल वोल्फेन'चं 'ओर्वो' झालं ते १९६४ साली. तिच्यावर एनपी २०, २२, २७ असे आकडे असत. आकडा जितका मोठा, तितकी फिल्म वेगवान, म्हणजे कमी उजेडातही चालणारी. पण वेगाबरोबर फोटोत दाणा येतो, रव्यासारखा. विसाची फिल्म मैद्यासारखी गुळगुळीत. कोडॅक आणि इलफर्डची नावं आम्ही मासिकात वाचायचो, बस्स.

आता मुद्द्यावर येतो. निरोप समारंभाच्या दिवशी सरांनी त्यांचा दोन भिंगांचा यशिका माझ्या गळ्यात अडकवला. मेहुण्यानं आखातातून आणलेला, जिवापाड जपलेला. कपाटात दोन रोल होते, एक २० चा, एक २७ चा. सर म्हणाले, "तूच निवड." मी २० चा घेतला. का? तर दाणा बारीक. वर्गाचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा, तर तो गुळगुळीत हवा. एवढाच विचार.

दुपारचे साडेबारा. मुली पुढं बाकांवर, उन्हात. मधली रांग उभी, तीही उन्हात. मागची रांग व्हरांड्याच्या पायरीवर, कौलांच्या सावलीत. रोलच्या खोक्यातल्या चिठ्ठीवर सूर्याच्या चित्रासमोर जे आकडे होते ते मी लावले, १२५ आणि ११. यशिकात वरून वाकून बघितलं की डावं-उजवं उलटं दिसतं. मी ते सरळ करण्यात गुंतलो होतो. मागच्या रांगेकडं माझं लक्षच नव्हतं.

संध्याकाळी ओली निगेटिव्ह दिव्यासमोर धरून सर म्हणाले, "सावलीतली पोरं गेली रे." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

तो फोटो तुम्हा सगळ्यांच्या घरी आहे. मागच्या रांगेत नऊ पांढऱ्या कॉलरी आहेत आणि वर काळोख. आपण त्यावर चेष्टा केली, 'भुतांची रांग' म्हणालो. त्या रांगेत डावीकडून चौथा कोण, हे मी सांगत नाही. गोडोलीहून सायकलवर यायचा, वर्गात सगळ्यात उंच आणि सगळ्यात सावळा. १९८३ साली तो गेला. दहाव्यानंतर त्याची थोरली बहीण, आपल्या सगळ्यांची ताई, माझ्या घरी आली. घरात त्याचा धड एक फोटो नव्हता. मी अडगळीच्या खोलीत दोन रात्री काढल्या. कागद बदलले, उजेड कमी-जास्त केला. मला चेहरा काढता आला नाही. ताईंनी तो फोटो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाल्या, "कॉलर त्याचीच आहे."

पुढच्या वर्षी नोकरीनं मला सांगलीला नेलं आणि मी तिथलाच झालो. फोटोंचा नाद सुटला नाही, पण बघण्याची रीत बदलली. आपल्या मुलखात कॅमेऱ्यापुढं एक अडचण कायमची असते. डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी, तिच्याखाली उन्हानं रापलेला चेहरा, आणि वर भर दुपारचं ऊन. संगम माहुलीच्या घाटावर तर मागं काळ्या पाषाणाचं देऊळही. टोपी सांभाळली तर चेहरा जातो, चेहरा सांभाळला तर टोपी फटफटीत होते. फिल्ममध्ये सावलीतलं जे उमटलंच नाही, ते नंतर कुठल्याही रसायनानं येत नाही. उजेडातलं जास्त झालेलं मात्र थोडं आवरता येतं. म्हणून प्रकाश द्यायचा तो सावलीच्या हिशेबानं, आणि धुताना हात आखडता घ्यायचा. हे मला त्या साडेबाराच्या फोटोच्या आधी कळायला हवं होतं. चूक फिल्मची नव्हती, माझी होती. पण गुळगुळीतपणाच्या मोहानं मी असा रोल निवडला, ज्यावर सावलीसाठी हात राखून काही उरत नव्हतं.

सांगलीत हळदीच्या पेठेत मी वर्षानुवर्षं रविवारी जायचो. हमालांच्या अंगावर, भुवयांवर हळद बसलेली असते. जुन्या काळच्या फिल्मला पिवळा रंग नीट कळत नसे, तो काळपट यायचा. आजच्या फिल्मला सगळे रंग कळतात, त्यामुळं हळद फोटोत जवळजवळ पांढरी येते आणि माणूस राख फासलेल्या गोसाव्यासारखा दिसतो. तिथंही तीच कसरत: हळद पांढरी ठेवायची आणि तिच्याखालची कातडी हरवू द्यायची नाही. शिवाय एप्रिलमध्ये नळाचं पाणीच असं तापलेलं की डेव्हलपर वीस अंशांवर आणायला बर्फ लागायचा. फ्रिजमधला बर्फ फोटोंसाठी की पाहुण्यांच्या सरबतासाठी, यावर आमच्या घरात जेवढे वाद झाले तेवढे पैशावरून झाले नाहीत.

नव्वदीनंतर मुंबईला फोर्टमधल्या दुकानात इलफर्ड मिळायला लागली. तेव्हा एचपी ५ प्लस हाती आली. तिच्यावर ४०० छापलेलं असतं. मी ती २०० समजून वापरतो, म्हणजे दुप्पट प्रकाश देतो, आणि धुताना वेळ पाचव्या हिश्शानं कमी करतो. टोपीखालचा डोळा दिसतो आणि टोपीची घडीही राहते. दाणा येतो, येऊ दे. कोडॅकची ट्राय-एक्स मी वापरलीय. १९५४ पासून जगभरच्या वर्तमानपत्री छायाचित्रकारांनी ती डोक्यावर घेतली, ती उगीच नाही. तिचा काळा रंग फार देखणा. पण मला तो देखणा काळा नको असतो. तर माझी आवडती फिल्म ही. ओर्वोवर माझी माया आहे, इंदूवरही आहे, पण माया वेगळी आणि निवड वेगळी.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाखाली कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमचं घर गावभागात, तळमजल्यावर. निगेटिव्हची पत्र्याची पेटी चार दिवस पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर घरचे म्हणाले, उन्हात वाळत घाल. तेवढं मात्र मी केलं नाही. भिजलेल्या निगेटिव्ह आहेत तशा वाळल्या तर एकमेकींना चिकटतात, पापडासारख्या, आणि सोडवताना चित्रच निघून येतं. मी त्या ओल्याच बादलीत ठेवल्या, मिरजेला नातेवाइकांकडं नेल्या, स्वच्छ पाण्यात एकेक सोडवली आणि वरच्या खोलीत दोरीला चिमट्यांनी टांगली. रंगीत छाप बहुतेक गेले. कृष्णधवल निगेटिव्ह बऱ्याच वाचल्या. त्यांच्यातलं चित्र चांदीचं असतं, ती टिकते.

आठव्या की नवव्या दिवशी दोरीवर आपला वर्ग लटकत होता. एका कोपऱ्यात गाळाचा ओरखडा. ती निगेटिव्ह मी खिडकीपाशी तिरकी धरली. १९८३ साली मी ती सरळ उजेडात बघितली होती. काळ्या पाठीवर तिरकी धरली की जिथं काहीच नाही असं वाटतं तिथली पुसट चांदी चमकते. चौथ्या कॉलरीच्या वर कपाळ होतं, आणि दोन डोळे.

मी तेवढाच तुकडा सगळ्यात कडक कागदावर छापला. सतरा कागद वाया गेले. अठराव्यावर तो आला. हनुवटी आली नाही, हसू आलं नाही. त्या फिल्मवर ते नाहीच. कपाळ, डोळे आणि डाव्या कानाची कड, एवढंच. ताई आता थकल्यात. त्यांनी चष्मा पुसला, बघितलं, आणि मला विचारलं, "एवढी वर्षं हा त्यातच होता?" मी हो म्हणालो.

त्याची एक प्रत बाहेर व्हरांड्यात लावलीय, ताईंना विचारून. जाताना बघा.

आणि शेवटची सूचना. साडेचारला आपला सगळ्यांचा फोटो आहे. सर, यशिका तुमचाच आहे, रोल माझा. ऊन उतरलेलं असेल. कृपा करून कुणीही व्हरांड्यात उभं राहू नका, आणि उंच मंडळींनी मागं लपू नका. मी या वेळी मागच्या रांगेपाशी येऊन उजेड मोजणार आहे, त्याला पाच मिनिटं लागतील, तेवढा धीर धरा.