नवा प्रिन्स, जुनी उडी

खोपटहून बोलतोय, आणि आजचा विषय 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जुनी गेम नव्याने आली की आपण आधी ग्राफिक्स बघतो. माझी कसोटी वेगळी आहे: उडी चुकली की काय होतं?

१९८९ च्या मूळ गेममध्ये जॉर्डन मेकनरने एकूण ६० मिनिटं दिली होती. मेलात तरी घड्याळ चालूच! २००३ च्या 'सँड्स ऑफ टाइम'मध्ये खंजिराने काळ मागे नेता यायचा, पण वाळू असेपर्यंतच. २००८ मध्ये पाटी कोरी करून आलेल्या गेममध्ये एलिका दर वेळी वाचवायची. गेम देखणी, पण भीतीच गेली.

२०२४ ची 'द लॉस्ट क्राउन' इथे पास होते. हीरो प्रिन्स नाही, सार्गोन नावाचा योद्धा आहे. काट्यांवर पडलात तर थोडी हेल्थ जाते. मेलात तर मागच्या वाक-वाक झाडापासून पुन्हा सुरुवात. चूक परवडते, पण फुकट नसते.

आता आपल्या जवळचं. 'सँड्स ऑफ टाइम'चा रीमेक सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाला, तेव्हा काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. ट्रेलरमधल्या ग्राफिक्सवर लोक तुटून पडले, तारखा पुढे गेल्या, आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. जुना कोड नव्याने लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, तुलना नेहमी लोकांच्या आठवणीशी होते. पण आठवण डोळ्यांत कमी आणि बोटांत जास्त असते. पुणे-मुंबईच्या टीमची उडी कशी होती, हे आपल्या बोटांना कळलंच नाही.

तुमची कसोटी काय? नक्की कळवा.