भरती होण्याआधीचे तीन महिने

सेवाग्राम म्हटलं की बापूंची कुटी डोळ्यांसमोर येते. तिथेच डॉ. सुशीला नायर यांनी उभं केलेलं कस्तुरबा रुग्णालय आहे आणि 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालयही. आर्वी-हिंगणघाटकडचा पेशंट अशा मोठ्या दवाखान्यात भरती होतो, तेव्हा तो थेट घरूनच आलेला असतो असं नाही. आधी गावातला डॉक्टर, तिथे सलाईन आणि सुई. मग तालुक्याचा दवाखाना, तिथे लघवीची नळी. उतार पडेना म्हणून पुढे. या फेऱ्यांत औषधांना न जुमानणारे जंतू त्याच्या आतड्यात ठाण मांडू शकतात.

हा आजार नव्हे, हे मला ठासून सांगायचंय. ताप नसतो, पोट दुखत नाही. पण अँटिबायोटिकने आतड्यातले साधे जंतू मरतात आणि दाद न देणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. पुढे ऑपरेशन झालं, नळी घातली, अंगातली ताकद खालावली, की हेच जंतू लघवीत, रक्तात शिरतात. न धुतलेल्या हातांवरून शेजारच्या खाटेवरही पोचतात. म्हणून भरती करतानाच विचारायला हवं: गेल्या तीन महिन्यांत कुठली अँटिबायोटिक घेतली? कुठे भरती होता? आयसीयूत होता का, डायलिसिस चालू आहे का?

आपण राहतो त्या ब्रिटनमध्ये, गेल्या बारा महिन्यांत परदेशी दवाखान्यात राहिलेल्या पेशंटचा औषधांना न जुमानणारे जंतू शोधण्यासाठी गुदद्वारातून स्वॅब घ्यावा, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या वाट्याला हे आलं की आपल्याला अपमान वाटतो. तसं वाटून घेऊ नका. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात दक्षिण आशियात फिरून आलेल्या प्रवाशांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक असे जंतू आतड्यात घेऊन परतले होते. प्रवासात जुलाब झालेल्यांना आणि अँटिबायोटिक घेतलेल्यांना धोका अधिक होता. म्हणजे प्रश्न एकट्या दवाखान्याचा नाही. पाण्याचा, सांडपाण्याचा, आपल्या गोळ्या खाण्याच्या सवयीचाही आहे.

तेव्हा आईबाबा यायचे असतील तर त्यांचं डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या चिठ्ठ्या बॅगेत घालायला सांगा. आणि सर्दी झाली म्हणून फोनवरून ‘मेडिकलमधून पाच दिवसांचा कोर्स आणा’ असं कृपा करून सांगू नका. मार्च 2014 पासून भारतात कित्येक अँटिबायोटिक एच-1 यादीत आहेत. ती विकताना दुकानदाराला डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वहीत नोंदवावं लागतं. चिठ्ठी नसेल तर त्याच्याकडे हट्ट धरू नका.