जुन्या गाडीचं दुखणं ओळखायचं कसं?

(सोसायटीच्या सभागृहात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला जुन्या मोठ्या गाड्यांवर बोलायला सांगितलं. विषय घरचाच आहे. खाली पार्किंगमध्ये बघा, सुमो आहे, बोलेरो आहे, क्वालिस आहे, स्कॉर्पिओ आहे. सुमो १९९४ साली आली. टेल्कोचे सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं घेऊन ती 'सुमो' झाली. बोलेरो २००० सालची, स्कॉर्पिओ २००२ सालची. म्हणजे आपली सोसायटी आणि या गाड्या साधारण एकाच पिढीतल्या. सोसायटीचा आपण रौप्यमहोत्सव करतो. गाडीला मात्र पंधरा वर्षं झाली की आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करून घ्यावं लागतं आणि पुढे दर पाच वर्षांनी परत.

मी एसटीच्या शिरूर आणि दौंड, दोन्ही आगारांत मेकॅनिक म्हणून काम केलं. तिथली शिस्त एकच होती: आधी कारण, मग पाना. बाहेर हल्ली उलटं चालतं. "हे बदलून बघू, नाहीतर ते बदलू." अशाने पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं. तुम्ही स्वतः गाडी खोलावी असं मी म्हणत नाही. पण काय होतंय, कधी होतंय, हे मिस्त्रीला नीट सांगता आलं तर निम्मं काम तिथेच झालं.

सगळ्यात जास्त तक्रार गाडी तापण्याची. एप्रिल-मेचं ऊन आणि कारखान्यांच्या हंगामात न्हावरे-चौफुला रस्त्यावरची धूळ, उसाचं पाचट. हे सगळं रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतं. एसी असेल तर एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, दोघांच्या मधे कचरा अडकतो आणि पुढून दिसतही नाही. आता लक्षात ठेवा. गाडी ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो, तर पंखा बघा. याउलट गावात ठीक आणि हायवेला वेगात तापते, तर रेडिएटर चोंदलाय किंवा पाणी नीट फिरत नाही. वरचा होज पाइप कढत आणि खालचा गारच, तर थर्मोस्टॅट अडकला असण्याची शक्यता मोठी. काही जण तो काढूनच टाकतात. तसं करू नका. इंजिन मग लवकर तापमानाला येत नाही, डिझेल जास्त खातं. आणि कुठे गळती दिसत नाही तरी पाणी कमी होतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, तर हेड गॅस्केटची तपासणी करून घ्या.

जाळी धुताना इंजिनकडून बाहेरच्या बाजूला, हलक्या दाबाने पाणी मारा. प्रेशरने मारलं तर पात्या मुडपतात. आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको. आपल्याकडच्या बोअरचे क्षार घरच्या गीझरचं काय करतात ते ताईंना विचारा, रेडिएटरचंही तेच होतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

काटा लाल रेघेकडे गेला तर एसी बंद, हीटर असेल तर तो पूर्ण सुरू, आणि सुरक्षित जागा बघून थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

दुसरं दुखणं, सकाळी गाडी सुरू होत नाही. सेल मारल्यावर नुसतं कट्-कट्-कट् होतं आणि हेडलाइट मंद पडतात, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलवर पांढरा थर धरलाय. तो आधी गरम पाण्याने साफ करा, मग नव्या बॅटरीचं बघा. लाइट झगझगीत आणि एकच टक् आवाज, तर सेल्फ बघावा लागेल. इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर डिझेल पोचत नाही. फिल्टर तुंबलाय किंवा लाइनने एअर धरलीय. फिल्टरच्या तळाला पाणी साठतं, ते सोडण्याची सोय बहुतेक गाड्यांत असते. काका, पंप मारून एअर काढायला दोन मिनिटं लागतात, त्यासाठी गाडी टोचन लावून न्यायची गरज नाही.

धुराचा रंग पाहायला शिका. काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त: एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला पाइप किंवा इंजेक्टर. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. थंडीत सकाळी थोडा पांढरा धूर आला आणि गेला, तर काळजी नको.

आता आवाज. गतिरोधकावर पुढून खडखड आली तर बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट. वेग वाढला की घूं वाढतो आणि वळणावर बदलतो, तर चाकाचं बेअरिंग. गाडी उचलताना खालून टण् आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. वेळेवर ग्रीसिंग केलं तर तो वर्षानुवर्षं टिकतो. चढावर इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच प्लेट संपत आलीय.

ब्रेकबद्दल मात्र हयगय नको. पेडल स्पंजासारखं लागलं तर लाइनमध्ये हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातं, तर मास्टर सिलिंडर. मागच्या चाकाच्या आतून ओलं दिसलं तर ॲक्सलच्या सीलमधून ऑइल ड्रममध्ये जात असेल, मग लायनर कसला धरतोय! पेडल दगडासारखं कडक झालं तर व्हॅक्यूमचा दोष. त्याची परीक्षा सोपी. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबा, दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. म्हणूनच सांगतो, दिवे घाट उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करणाऱ्यांनी आधी घरच्यांचा विचार करावा. इंजिन बंद की व्हॅक्यूम नाही, पॉवर स्टिअरिंगही जड.

पावसाळ्यात ओढ्याच्या, नदीच्या पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा आणि मिस्त्रीला बोलवा.

एवढं सगळं लक्षात राहिलं नाही तरी चार गोष्टी पाठ करा. तापमानाचा काटा लाल झाला, ऑइलचा दिवा लागला, ब्रेकचं पेडल बदललं किंवा स्टिअरिंग एकदम वेगळं लागलं, की पुढे जायचं नाही. "पुण्यापर्यंत जाऊ, मग बघू" हे वाक्य या चार वेळी बोलायचं नाही. बाकी खडखड, धूर, कमी पिकअप यांना चार दिवस मिळतात, पण ते चार दिवसच, चार महिने नव्हेत. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये. खाली घोडी लावा, चाकाला दगड लावा.

जुनी गाडी ठेवणं म्हणजे कंजुषी नव्हे. याच गाड्यांनी आपली लग्नं पार पाडली, शेतमाल नेला, रात्री-अपरात्री पेशंट पुण्याला पोचवले. यापुढेही पोचवावे लागतील. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवा. ऑइल कधी बदललं, ब्रेक ऑइल कधी, किती किलोमीटरवर, सगळं लिहा. घरातल्या ज्या मुलाला-मुलीला गाडी चालवता येते, त्यांना ती वही वाचता आली पाहिजे.

पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी पार्किंगमध्ये आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी या, गाडी थंड असताना बॉनेट उघडून एकेक गोष्ट दाखवतो. महिला सभासदांनीही जरूर यावं.